शेजाऱ्याच्या अंगणातली शिडी

कोकणात मृग जवळ आला की घराच्या शाकारणीची घाई सुरू होते. पुढचे-मागचे काम आपल्या अंगणातून उरकते. पण बाजूची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीला लागून असते. तिला गिलावा करायचा, पावसाच्या झडीसाठी झाप बांधायचे, तर शिडी पलीकडेच लावावी लागते. मग प्रश्न उभा राहतो : हा मागणाऱ्याचा हक्क, की देणाऱ्याचा उपकार?

इंग्लंडने १९९२ साली खास कायदा करून अशा दुरुस्तीसाठी न्यायालयातून प्रवेश मिळण्याची सोय केली. आपल्याकडे वहिवाटीच्या हक्कांविषयीचा १८८२ चा कायदा आहे. जुना हक्क सिद्ध होत नसेल, तर बहुधा शेजाऱ्याच्या परवानगीवरच भिस्त. शेजारी बिचकतो, ‘आज शिडी, उद्या वहिवाट.’ ही भीती अगदीच खोटी नाही. वीस वर्षांच्या अखंड वापराने हक्क जडू शकतो. मात्र परवानगीने केलेला वापर त्यात धरत नाहीत. दोन ओळी लिहून दिल्या, की दोघेही निर्धास्त.

हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेली एक हदीस आहे. शेजारी आपल्या भिंतीत लाकूड बसवू लागला तर त्याला अडवू नये, असा तिचा आशय. इमाम अहमद यांनी हे बंधनकारक मानले. इमाम अबू हनीफा आणि इमाम मालिक यांनी सदाचाराची शिकवण मानली. कोकणी मुसलमान बहुतांशी ज्यांच्या मताने चालतात, त्या इमाम शाफई यांची दोन्ही मते सांगितली जातात.

मला वाटते, दोन्ही बाजू खऱ्या आहेत. फक्त त्या योग्य माणसाने धराव्यात. देणाऱ्याने हे कर्तव्य समजावे, मागणाऱ्याने उपकार. उलट झाले की भांडण पेटते. उपकार समजणारा मागणारा दिवस आणि वेळ आधी कळवतो, म्हणजे अंगणात वावरणाऱ्या बायकांची अडचण होत नाही. तो अबोलीची रोपे सांभाळतो, फुटक्या कौलांचे तुकडे झाडून नेतो, नुकसान झाले तर भरून देतो.

त्या हदीशीत शेजाऱ्याचा धर्म सांगितलेला नाही. आज मात्र शेजारी वेगळ्या धर्माचा असला, की एका माणसाचा नकार साऱ्या समाजाच्या नावावर लिहिला जातो. म्हणून अशा ठिकाणी ‘लाव शिडी’ हे दोन शब्द अधिक मोलाचे. मराठीने शेजाऱ्याशी वागण्यालाच ‘शेजारधर्म’ म्हटले आहे. तो पाळायला दोघांचा धर्म एक असावा लागत नाही.