नाव त्याचे, छाया आपली



शबनम हाशमी खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बाल न्याय कायद्यान्वये कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस मूल दत्तक घेता येते. परंतु त्यात सक्ती नाही. ज्याला आपल्या धर्माच्या कायद्याप्रमाणे वागायचे असेल, त्याला तशी मोकळीक आहे. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने त्या खटल्यात कफालतची बाजू मांडली होती. मोकळीक मिळाली. आता प्रश्न आपल्याला आहे: तिचे आपण काय केले?

कफालत म्हणजे अनाथाचे संपूर्ण संगोपन, मात्र त्याचे कुळ न पुसता. हजरत जैद (र.) यांना लोक मुहम्मद (स.) यांचे पुत्र म्हणून हाक मारीत. सूरह अल्-अहजाबमध्ये आज्ञा आली की, मुलांना त्यांच्या जन्मदात्याच्या नावाने हाक मारा. जैद पुन्हा ‘बिन हारिसा’ झाले. नाव बदलले, माया तसूभरही उणावली नाही. मुअताच्या मोहिमेचे सेनापतिपद प्रेषितांनी (स.) त्यांनाच दिले.

म्हणून ‘आमच्या धर्मात दत्तक नाही’ हे वाक्य उच्चारून जो दार लावून घेतो, त्याने शरीअतचा अर्धाच भाग ऐकला. निषेध खोट्या वंशाचा आहे, अनाथाच्या ताटाचा नव्हे. अनाथाचा सांभाळ करणारा स्वर्गात आपल्यासमवेत दोन जुळलेल्या बोटांइतका निकट असेल, अशी ग्वाही प्रेषितांनी (स.) दिली आहे.

मार्गही खुले आहेत. दिवंगत भावाच्या लेकराचे पालकत्व पालक व पाल्य कायदा, १८९० अन्वये न्यायालयातून रीतसर घेता येते. पाल्य वारस होत नाही. पण हयातीत त्याला हिबा करता येतो, मृत्युपत्राने एक-तृतीयांशापर्यंत मालमत्ता देता येते. बाळ दोन वर्षांच्या आतील असेल, तर स्तनपानाच्या नात्याने घरातील पडद्याचा प्रश्नही सुटतो. एवढेच जपावे की, त्याच्या वडिलांची मालमत्ता आपल्या मालमत्तेत मिसळून गिळली जाऊ नये. कुरआनने तिला पोटात भरलेली आग म्हटले आहे.

मदरशाच्या वसतिगृहाला देणगी देणे पुण्याचेच आहे. परंतु रात्री ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर पावती हात ठेवीत नाही. आपल्याच नात्यात, आपल्याच मोहल्ल्यात असे लेकरू आहे काय, हे या जुम्याला घरी बसून विचारा.

अल्लाह आपल्या घरांना अनाथांचा आसरा बनवो. आमीन.