सातबाऱ्यावरचं नाव

विधवांच्या आयुष्यावर नवा चित्रपट येतोय असं कळलं, की त्याचं पोस्टर कसं असेल हे न बघताही सांगता येतं: घाट, पहाट, पांढरी साडी, भादरलेलं डोकं. मग आपल्याकडे दोनच प्रश्न निघतात. रडवणार का? आणि बदनामी होणार का?

दुसऱ्या प्रश्नाने २००० साली वाराणसीत धुमाकूळ घातला. दीपा मेहतांच्या ‘वॉटर’साठी शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी केस काढले होते. संस्कृतीची बदनामी होते म्हणत जमावाने सेट मोडून गंगेत फेकला आणि चित्रीकरण बंद पडलं. पुढे दुसऱ्याच नावाखाली, दुसऱ्या नट्या घेऊन श्रीलंकेत ते पुरं झालं. चित्रपट २००५ मध्ये टोरांटोत दाखवला गेला, आपल्या थिएटरांत यायला २००७ उजाडलं. त्याच शहरातल्या आश्रमांत खऱ्या विधवा तेव्हाही राहत होत्या. त्यांची लाज कुणाला वाटली नाही, लाज वाटली ती त्यांच्या चित्राची.

पण मला आपल्या रडण्याचाही फारसा भरवसा वाटत नाही. डोळे पुसताना आपण रूढीला शिव्या देतो आणि हिशेब विसरतो.

‘वॉटर’ची गोष्ट १९३८ मधली. त्याच्या एकच वर्ष आधी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा झाला होता. वाटा हयातीपुरता. शेतजमिनीला तो लागू होत नाही, असा निवाडा १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने दिला, म्हणजे खेड्यातल्या बाईच्या हाती काय उरलं ते बघा. त्याआधीच्या १८५६च्या कायद्याने पुनर्विवाहाची वाट उघडली, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडायची अट घालून. बंगालात दायभाग या वारसापद्धतीप्रमाणे निपुत्रिक विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा हिस्सा मिळे. आणि वृंदावनात मूठभर तांदळासाठी भजनं म्हणणाऱ्यांत बंगाली बायका मोठ्या संख्येने. हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. आपल्याकडे मिताक्षरा पद्धत, म्हणून एकत्र कुटुंबातल्या विधवेला फक्त पोटगी: माजघराचा कोपरा आणि दोन वेळचं जेवण. तिला काशीला धाडायची घाई नव्हती, ती घरात फुकट राबत होती. (तिचं आलवण तांबडं असे, पांढरं नव्हे. पडद्याला पांढरं आवडतं.)

पूर्ण मालकी १९५६ मध्ये मिळाली, कागदावर.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. उत्तम झालं. अशा ठरावाला हात वर करायला घरातल्या पुरुषांना पदरचं काही सोडावं लागत नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

सोडायची वेळ येते ती वारसनोंदीच्या वेळी. तेरावं झालेलं असतं. दीर खरोखर हळवा असतो, भावाच्या आठवणीने त्याचाही गळा दाटतो. “वहिनी, तुम्हाला आम्ही काही कमी पडू देऊ का? उगाच सातबाऱ्यावर नावं वाढवायची कशाला?” तिचा भाऊही म्हणतो, “ताई, संबंध बिघडवू नकोस.” कुणी तिच्यावर ओरडत नाही, कुणी केस कापत नाही. या घरात खलनायक सापडत नाही, म्हणून अशा घरावर चित्रपटही निघत नाही.

नव्या दिग्दर्शकाने एकदा घाट सोडून दुय्यम निबंधक कार्यालयात कॅमेरा लावावा. बाकावर ती, शेजारी पाण्याची बाटली घेऊन दीर, साक्षीदार म्हणून गावातली दोन सज्जन माणसं. यंत्रावर अंगठा नीट उमटत नाही, म्हणून तिला पुन्हापुन्हा बोट पुसायला सांगतात. हक्कसोडपत्राला मुद्रांकाचा खर्च फारसा येत नाही, हे एजंट सगळ्यांना आवर्जून सांगतो, आणि सगळ्यांना बरं वाटतं.