लेहरा कोण धरणार?

माझ्या लॅपटॉपवर 'स्वतःचं' या नावाचा एक फोल्डर आहे. त्यात आणखी तीन फोल्डर : साईट, कोड आणि संगीत. ऑफिसचं काम आवरून, जेवून रात्री साडेनऊच्या सुमारास मी त्यांतल्या एकात शिरते, आणि शिरल्याबरोबर उरलेल्या दोघांबद्दल अपराधी वाटायला लागतं. साईटचं काम काढलं की कोपऱ्यातला तबला दिसतो. तबल्यावर बसले की अर्धवट प्रोग्रॅम आठवतो. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आमच्या घरात आईनं माझ्यासाठीच राखून ठेवली आहे.

साईट म्हणजे माझी स्वतःची वेबसाईट. पाच वर्षांत मी ती चार वेळा नव्यानं उभी केली. एकदा तर फक्त देवनागरी नीट दिसावी म्हणून आठ रात्री घालवल्या. इंग्रजीसाठी केलेली मापं मराठीला लावली तर ओळी इतक्या जवळ येतात की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. हे सगळं मी निस्तरलं. त्या सुंदर साईटवर आजवर लेख आहेत तीन.

संगीताच्या फोल्डरमध्ये अकरा रचना आहेत. एकही दीड मिनिटाच्या पुढे गेलेली नाही.

कोडच्या फोल्डरची अवस्थाही फार वेगळी नाही. पण त्यात एक गोष्ट मी खरोखर पूर्ण केली होती, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावा लागतोय.

2020 सालच्या लॉकडाऊनमध्ये मी सांगलीला घरी होते. तबल्याचा क्लास बंद होता. रियाज करायचा तर लेहरा हवा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : एकल तबलावादनात साथीला पेटी किंवा सारंगी असते. तिच्यावर तालाच्या एका आवर्तनात बसणारी एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजते. तोच लेहरा. तबलावादक पेशकार, कायदा, रेला करत कितीही लांब फिरून येऊ शकतो, कारण सम कुठे आहे हे लेहरा त्याला सतत सांगत असतो. लेहरा धरणाऱ्यानं स्वतः नवीन काहीही करायचं नसतं. अर्धा तास असो वा तास, तीच सोळा मात्रांची ओळ, त्याच लयीत.

क्लासमध्ये लेहरा सर धरायचे. मी त्यांच्याकडून त्रिताल, झपताल आणि रूपकचे लेहरे वेगवेगळ्या लयींत रेकॉर्ड करून घेतले आणि ब्राउझरमध्ये चालेल असं एक छोटं ॲप लिहिलं. ताल निवडा, लय निवडा, बटण दाबा. लेहरा सुरू होतो आणि स्क्रीनवर मात्रा सरकत जातात. पहिल्या आठवड्यात त्या मात्रांनी मला रडवलं. आवाज साउंड कार्डाच्या घड्याळावर चालतो आणि स्क्रीनवरचा आकडा बदलायला मी वापरला होता ब्राउझरचा साधा टायमर. हा टायमर दर वेळी किंचित उशिरा वाजतो. एका मात्रेला पाच मिलिसेकंद उशीर म्हणजे काहीच नाही. पण त्रितालाची दहा आवर्तनं म्हणजे 160 मात्रा, आणि 160 वेळा पाच म्हणजे 800 मिलिसेकंद. सेकंदाला एक मात्रा अशी लय असेल, तर कानाला सम ऐकू येते तेव्हा स्क्रीन अजून सोळाव्या मात्रेवरच रेंगाळलेला. शेवटी आकडेही आवाजाच्याच घड्याळाला बांधले आणि प्रश्न सुटला. एक डोमेन घेतलं, ॲप तिथे ठेवलं, सरांना आणि क्लासच्या ग्रुपवर लिंक पाठवली. माझ्या यादीत त्या नावापुढे बरोबरची खूण केली. पूर्ण झालेलं म्हणून मनातून काढून टाकलं. पुढच्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला आले.

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी सरांचा फोन आला.

"अगं, तुझं ते लेहऱ्याचं उघडत नाहीये. आधी आम्हाला वाटलं, पोरांच्या मोबाईललाच काहीतरी झालंय."

"कधीपासून, सर?"

"झाले की बारा-तेरा दिवस."

"मग लगेच फोन नाही का करायचा?"

"तू कामात असणार. आणि ते तुझं छंदाचं. हक्कानं कसं मागायचं?"

डोमेनची मुदत संपली होती. आठवणीच्या मेल्स माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर जात होत्या आणि तो पत्ता कॉलेज सुटल्यावर कधीच बंद पडला होता. मी पैसे भरले. काम अकरा मिनिटांचं होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत चालू झालं. पण त्याआधी फोन काकूंनी घेतला होता. "यांचा डावा खांदा धरलाय बघ दोन वर्षं. भाता मारवत नाही. तुझ्या त्या मोबाईलवरच्या पेटीमुळे सुटका झाली होती. आता परीक्षा तोंडावर, म्हणून रोज रात्री दहापर्यंत पोरांसाठी पेटी ओढत बसतायत."

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा वर्षातून दोनदा असतात. मी स्वतः त्या दिल्या आहेत. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात लेहरा किती लागतो हे मला सांगायला नको होतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही : जे मी फुकट, हौसेनं, कोणी न मागता दिलं, त्याचं मी काही देणं लागते का?

पहिलं उत्तर कोणताही प्रोग्रॅमर झोपेतही देईल : काही लागत नाहीस. आमच्या धंद्यात मोकळेपणानं वाटलेल्या जवळजवळ प्रत्येक कोडसोबत एक परवाना असतो आणि त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही. हे वाक्य भित्रेपणाचं नाही. त्याच्याशिवाय कोणीच काही वाटलं नसतं. प्रत्येक भेटीबरोबर जन्मभराची चाकरी येणार असेल, तर शहाणा माणूस भेट देणारच नाही.

आणि चाकरी लादली तर काय होतं याचं उदाहरण ताजं आहे. 'एक्सझेड' नावाचं फाईली आवळून लहान करणारं एक साधन जगातल्या बहुतेक लिनक्स यंत्रणांमध्ये असतं. लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा एक प्रोग्रॅमर ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं सांभाळत होता. 2022 मध्ये काही लोक त्याच्यामागे लागले, की कामं फार हळू होतायत, दुसऱ्या कोणाला तरी हक्क दे. त्यानं उत्तरात लिहिलं होतं की आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हा बिनपगारी छंद आहे हेही लक्षात असू द्या. पुढे 'जिया तान' हे नाव घेतलेल्या, मदतीला तत्पर असलेल्या कोणाकडे त्यानं हक्क दिले. त्याच नावानं 2024 च्या सुरुवातीला त्या साधनात एक चोरवाट घुसवली गेली. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरनं ती उघडकीला आणली. लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं होतं. एवढ्या मोठ्या यंत्रणेचा लेहरा एक थकलेला माणूस धरून बसला होता आणि समोरच्यांना फक्त लय वाढवून हवी होती. इथे देणं कोणाचं होतं, असं विचारलं तर मी कॉलिनकडे बोट दाखवणार नाही. वापरणाऱ्यांकडेच दाखवेन.

म्हणजे मी सुटले का? काही दिवस मी अशीच सुटत होते. पण माझ्या आणि कॉलिनच्या गोष्टीत एक फरक आहे आणि तो मला अडचणीचा आहे. तो थकेपर्यंत तिथे बसलेला होता. मी उठून गेले होते, आणि उठतेय हे कोणाला सांगितलंही नव्हतं. सरांचा खांदा दुखतो हे मला माहीत नव्हतं, हे खरं. पण दोन वर्षांत एकदाही 'ते ॲप अजून कोणी वापरतं का?' असं मी विचारलं नव्हतं. ते अज्ञान मी आपणहून सांभाळलं होतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

इथे मला मिरज आठवते. आमच्या सांगलीशेजारचं हे गाव तंबोरे आणि सतारी बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार घासून घासून तिथे चर पडते आणि आवाज बसतो. मग घोडी नव्यानं घासून जवारी काढावी लागते. चांगला कारागीर तंबोरा विकताना हे गृहीत धरूनच विकतो. गवई काही वर्षांनी तंबोरा घेऊन येणार, आणि आपण नसलो तर आपला मुलगा नाहीतर शेजारच्या दुकानातला कोणी जवारी काढून देणार. 'तयार झाला' याचा त्यांच्या लेखी अर्थच मुळी 'आता झिजायला लागला' असा असतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र बरोबरची खूण करून मोकळे होतो.

याउलट डोनाल्ड कनूथ. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या त्याच्या ग्रंथाचे पहिले तीन खंड 1968, 1969 आणि 1973 मध्ये आले. 1977 मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हाती आली आणि ती छपाई त्याला आवडली नाही. म्हणून त्यानं अक्षरजुळणीसाठी स्वतःच 'टेक' नावाची प्रणाली लिहायला घेतली. थोड्या काळात उरकेल असं वाटलेलं ते काम दहाएक वर्षं चाललं, आणि चौथ्या खंडाचा पहिला भाग आला 2011 मध्ये. त्याच्या घरात पाइप ऑर्गन आहे, आणि त्यानं ऑर्गनसाठी लिहिलेली मोठी रचना त्याच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 10 जानेवारी 2018 ला, स्वीडनमध्ये पहिल्यांदा वाजली. अक्षरं, कोड आणि संगीत : माझेच तीन फोल्डर! आईला हे उदाहरण सांगितल्यावर ती म्हणाली, "त्याचे पूर्ण झाले." बरोबर आहे.

पण मला कनूथचं पूर्ण करणं जेवढं भावत नाही तेवढं त्याचं निघून जाणं भावतं. 1990 मध्ये त्यानं जाहीर केलं की टेकमध्ये आता नवं काही येणार नाही, फक्त गंभीर चुका दुरुस्त होतील. आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीला पायच्या एकेक घराजवळ सरकेल : 3.1, 3.14, 3.141. आपल्या मृत्यूनंतर आकडा पाय हाच होईल आणि त्यानंतर कोणी काही बदलायचं नाही. ग्रंथातली चूक दाखवणाऱ्याला तो 2 डॉलर 56 सेंटचा चेक देत असे. मराठीत याला निरवानिरव म्हणतात. जाणारा माणूस काय चालू राहील, काय बंद होईल, कोणाकडे काय सोपवलंय हे सांगून ठेवतो.

माझा हिशेब इथे उलटा लागला होता. इतकी वर्षं मला लाज वाटत होती ती अपुऱ्या गोष्टींची. त्या अकरा रचनांची, पाचव्यांदा बदलायच्या साईटची. पण त्या रचना कोणी ऐकलेल्या नाहीत. त्या तशाच राहिल्या तर कोणाची सम चुकणार नाही. त्यांच्यापुरतं मी कोणाचंच काही लागत नाही. देणं होतं ते एकमेव पूर्ण झालेल्या गोष्टीचं, कारण ती पूर्ण झाल्यावरच कोणीतरी तिच्या भरवशावर आपला दिनक्रम बसवला होता. आणि नेमकी तीच मी खूण करून विसरले होते.

हे देणं जन्मभर ॲप सांभाळण्याचं आहे असं मला वाटत नाही. मी कधीतरी थांबणार, आणि थांबायचा हक्क मला आहे. पण थांबण्याआधी सांगणं, आणि दुसऱ्याला धरता येईल अशा जागी ठेवून जाणं, एवढं मी लागते. हौसेनं दिलेल्या गोष्टीचंही लागते.

जानेवारीत सांगलीला गेले तेव्हा ॲप इंटरनेटशिवाय चालेल असं करून क्लासमधल्या सगळ्यांच्या मोबाईलवर टाकलं. सरांकडे एक मुलगी बीसीए करतेय, तिला कोड दाखवला, पासवर्ड दिले, आवाज आणि आकडे एकाच घड्याळावर का ठेवलेत ते समजावलं. माझ्या साईटवर एक पान वाढवलं : काय चालू आहे, काय बंद केलं, कशाची जबाबदारी कधीपर्यंत माझी. त्या साईटवरचं हे सगळ्यात कुरूप पान आहे. त्यावर मी एकही रात्र घालवलेली नाही.

निघताना सरांना डोमेनची पुढची तारीख सांगितली. त्यांनी ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेननं लिहून ठेवली आणि म्हणाले, "मी विसरलो तर तू सांग, तू विसरलीस तर मी सांगतो. आणि आता हक्कानं सांगतो, बरं का."