दर्शनाची झीज

पाहिल्याने एखादी वस्तू झिजते का? प्रश्न जरा खुळा वाटेल. आपण चंद्र पाहतो म्हणून चंद्र कमी होत नाही. पण दर्शन म्हणजे नुसतं पाहणं नव्हे हेही आपल्याला ठाऊक आहे. आपल्याला जवळ जायचं असतं, हात लावायचा असतो, डोकं टेकायचं असतं. पंढरपूरला लाखो हातांनी आणि कपाळांनी पांडुरंगाचे पाय झिजले, म्हणून मूर्तीवर वज्रलेप करावा लागला. २०२४ साली गाभाऱ्याच्या कामासाठी काही आठवडे पदस्पर्श दर्शन बंद ठेवून नुसतं मुखदर्शन चालू होतं, तेव्हा किती जण हळहळले! दूरचं दर्शन आपल्याला अपुरं वाटतं. आणि जवळचं दर्शन देवाला सोसत नाही. मग भक्ताने काय करावं?

मी काही शास्त्री नाही. बी.कॉम. झालो आणि चौतीस वर्षं बँकेत कारकुनी केली. त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनात आला तो पोथी वाचताना नव्हे, तर समुद्रात पालथा पडून तरंगत असताना. गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता अंदमानला गेलो होतो. सेल्युलर जेल पाहिलं, तिथे सगळ्यांचेच डोळे भरून येतात, त्याबद्दल इथे लिहीत नाही. पुढे हॅवलॉक बेटावर गेलो. आता त्याचं नाव स्वराज द्वीप झालं आहे, पण बोटवाले अजून हॅवलॉकच म्हणतात. तिथल्या जेट्टीवरून होडीने वीसेक मिनिटांवर एलिफंट बीच आहे, आणि तिथे किनाऱ्यालगत उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. गर्दीच्या वेळी झुंबड असते म्हणून आम्ही सहा जणांनी मिळून सकाळची वेगळी होडी ठरवली. सहा जणांत तीन गाइड, म्हणजे दोघांमागे एक.

मला पोहता येत नाही. तिथे त्याची गरजही पडत नाही. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात वाकडी नळी, अंगात लाइफ जॅकेट, हातात हवा भरलेली रिंग, आणि ती रिंग ओढत नेणारा गाइड. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. पहिली पाच मिनिटं जीव घाबरतो. नाकाची सासष्ट वर्षांची सवय अशी एकदम सुटत नाही. गाइड तिशीच्या आतला, तिथलाच, बंगाली वस्तीतला मुलगा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने त्या बेटांवर वसवलं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांपैकी. त्याने मला पाण्यात उतरण्याआधी एकच गोष्ट तीनदा सांगितली, "अंकल, कुछ भी हो, खड़े मत होना. नीचे जान है."

नीचे जान है. हे तो नियम म्हणून नाही, खबर म्हणून सांगत होता. पुष्कळांना प्रवाळ म्हणजे दगड वाटतो, काहींना झाड वाटतं. तो प्राणी आहे. मोहरीएवढे, फार तर हरभऱ्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि अंगाखाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि बहुतेक सगळं घरमालकाला देतं. मालक त्याला आसरा देतो. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूचाच. (मंगळासाठी आपण बोटात घालतो ते लाल पोवळं वेगळ्या जातीचं, भूमध्य समुद्रातलं. ते या उथळ पाण्यात शोधू नये.) जगातल्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या जीवांच्या सुमारे पाव जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याने राहतात. गावात एकच धर्मशाळा असावी आणि पाव गाव तिथेच उतरावं, तसं.

काय पाहिलं ते सांगायला मला शब्द कमी पडतात. पोपटासारख्या चोचीचे हिरवे-निळे मासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा कर्र कर्र आवाज पाण्यात ऐकू येतो. हे मासे जो चुना खातात तो वाळू होऊन बाहेर पडतो. किनाऱ्यावरची पांढरी वाळू, जिच्यावर आपण चपला काढून हौसेने चालतो, तिच्यात या माशांच्या पोटातून आलेला वाटा मोठा आहे. माझ्या सौभाग्यवतींना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच पाय झटकले! समुद्रफुलाच्या विषारी बोटांत निर्धास्त खेळणारा नारिंगी मासा पाहिला. एक निळसर ओठांचा शिंपला होता, आमची सावली पडताच मिटला. आणि पाण्यातल्या काचेतून सगळं तिसऱ्या हिश्शाने मोठं आणि जवळ दिसतं. हात लांबवला की लागेल असं वाटतं.

तिथेच गोम आहे. हात लांबवावासा वाटतो.

आमच्यातले एक गृहस्थ रिंगवर हात टाकून सारखे पाय खाली सोडत होते. "दोन मिनिटं उभा राहतो, दम लागलाय." गाइडने त्यांना उभं राहू दिलं नाही, ओढत वाळूच्या पट्ट्यावर नेलं आणि तिथे उभं केलं. मग त्यांनी वरचे ५०० रुपये देऊ केले, एक फांदी तोडून वर आण, फक्त फोटो काढतो, परत टाकू. मुलगा हसला आणि म्हणाला, "साब, टूटने के बाद वापस नहीं लगता." कायदाही त्याच्या बाजूला होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि २००१ साली प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, वाघाच्या पंक्तीला. पण कायदा पाण्याखाली बघायला कोण येतं? पाचशे रुपये त्याच्या दिवसाच्या कमाईत बऱ्यापैकी भर घालणारे होते. नाही म्हणण्याचे पैसे त्याच्या दरपत्रकात कुठेच नव्हते.

बँकेत छोट्या उद्योगांचे ताळेबंद मी पुष्कळ हाताळले. यंत्र चालतं, माल निघतो, नफा दिसतो. पण घसारा धरलेला नसेल तर तो नफा खोटा. कारण तो यंत्राचाच तुकडा विकून आलेला असतो, फक्त मालकाला ते कळलेलं नसतं. आमच्या त्या सकाळच्या हिशोबात होडी होती, डिझेल होतं, गाइड होता, जॅकेटचं भाडं होतं. प्रवाळाचा घसारा नव्हता. आणि हे यंत्र बाजारात मिळत नाही. गोलसर दगडासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो, कधी तेवढाही नाही. एका माणसाचा एक पाय, तोही दम लागला म्हणून, आणि मोडलेलं भरून यायला एक पिढी.

परत आल्यावर हे सगळं मी आमच्या देवळातल्या गुरुजींना सांगितलं. (निवृत्त मुख्याध्यापक, वय ७८, गुरुवारच्या आरतीनंतर आमचा कट्टा बसतो.) ते म्हणाले, "मग जायचंच कशाला? तुझ्या जाण्याने त्याला इजा होणार हे तुला कळतं, तर घरी बसून चित्रं बघ. अवधूताने यदुराजाला चोवीस गुरू सांगितले त्यात समुद्रही आहे. पण समुद्रात उतरला असं कुठे लिहिलंय का? काठावर बसूनच तो शिकला."

मुद्दा बिनतोड वाटतो. पण पुरता नाही. समुद्रापासून अवधूत काय शिकला? पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या तरी तो मर्यादा सोडत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. आपण घरी बसलो म्हणून समुद्र तसा राहतो, असं आता म्हणता येत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचं पाणी नेहमीपेक्षा तापलं आणि तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या त्या भाडेकरूला बाहेर काढतो आणि स्वतः उपाशी पडतो. पाणी वेळेवर निवलं तर सावरतो, नाहीतर मरतो. हे काही पर्यटकाच्या पायाने झालं नव्हतं. त्यात कोळसा होता, पेट्रोल होतं, आमच्या-तुमच्या घरातलं एसी होतं. मी गेलो ते विमानही त्यात आलं, ते मी वगळत नाही. म्हणजे घरी बसलेल्याचे हात कोरडे आहेत असं नाही. फरक इतकाच, की त्याने नुकसान पाहिलेलं नसतं. आणि २००४ च्या भूकंपाने तर उत्तरेकडची किनारपट्टी अशी उचलली गेली की तिथले प्रवाळ पाण्याबाहेर येऊन वाळून मेले. निसर्गही पाय ठेवतो. पण तो दम लागला म्हणून ठेवत नाही.

गुरुजी यावर म्हणाले, "दुसऱ्याने लुटलं म्हणून तूही थोडं घ्यावंस का?" खरं आहे. घेऊ नये. पण मधमाशी त्याच चोवीसात आहे, आणि ती फुलावर बसते. फूल न दुखवता थोडं थोडं घेते, म्हणून ती गुरू. घरी बसणारी मधमाशी कोणी गुरू केली नसती. प्रश्न जाण्याचा नाही, किती जणांनी, किती वेळ आणि कसं, याचा आहे. हे मी वादासाठी म्हणत नाही. त्याच अंदमानात वंडूरजवळ १९८३ साली झालेलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडतात. एक चालू असताना दुसरं विश्रांती घेतं. प्लॅस्टिकची बाटली न्यायची तर अनामत भरायची, परत येताना बाटली दाखवायची आणि पैसे घ्यायचे. कारकुनाच्या जीवाला बरं वाटावं अशी व्यवस्था! देवालाही आपण शेजारतीनंतर झोपू देतोच ना, दुपारी पडदा ओढतोच ना. भक्त बाहेर ताटकळला तरी.

मात्र एक गोष्ट गुरुजींच्या बाजूची आहे आणि ती मला अजून टोचते. चोवीसांत मासाही आहे. जिभेच्या लालचेने गळाला लागतो म्हणून. काही ठिकाणी पर्यटकांना मासे जवळून दिसावेत म्हणून पाण्यात पावाचा चुरा टाकतात. मासे झुंडीने येतात, फोटो छान येतो. पण प्रवाळावरचं शेवाळ खाऊन त्याला साफ ठेवणारा मासा पावाने पोट भरू लागला तर त्याचं काम कोण करणार? इथे लालूच माशाची की आपली? मासा जिभेने अडकतो, आपण डोळ्यांनी अडकतो. पतंगाचा गुरू आठवावा.

आणि त्याहून अवघड प्रश्न. मी पाहून आलो. आता तुम्ही जाऊ नका, गर्दी फार झाली, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पहिल्या शंभर जणांनी काय पुण्य केलं होतं? यावर सौभाग्यवतींचं मत असं, की देवळात आपण डोळे भरून पाहतो आणि स्वयंसेवक 'पुढे चला' म्हणाला की मागच्याला जागा देतो. ज्याचं एकदा झालं त्याने पुन्हा रांगेत उभं राहू नये, आणि रांग आहे म्हणून कोणी चिडूही नये. त्या मुलाला आम्ही निघताना ५०० रुपये दिले, तेही त्यांनीच पुढे होऊन. मी पाकीट काढेपर्यंत दिलेसुद्धा. मुलगा आधी घेईना. "किस बात का?" म्हणाला. त्या म्हणाल्या, "तोडा नहीं उसका."

गुरुजींना हे सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे बरं केलं. पण माझं मत तेच आहे." आमचा कट्टा असाच चालतो.

येत्या जानेवारीत आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं निघाली आहेत. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. होडी लहान घ्या, सकाळची घ्या, दोघांमागे एक गाइड आहे ना हे आधी विचारा. उन्हासाठी अंगाला क्रीम चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घाला. त्यातली काही रसायनं प्रवाळाला मारक आहेत, पलाऊ नावाच्या छोट्याशा देशाने २०२० पासून तशा क्रीमवर बंदीच घातली आहे. अंदमान महाग वाटत असेल तर आपल्या मालवणलाही किल्ल्याच्या बाजूला प्रवाळ आहेत, ते १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि नियम तिथेही हेच. मुखवटा लावण्याआधी दाढी करा, नाहीतर मिशीतून पाणी आत येतं. दम लागला तर गाइडला सांगा, तो वाळूवर नेईल. आणि पाव नेऊ नका.