सहीचा अर्थ

शंभर टक्क्यांच्या वर गेलेला मृत्युदर स्क्रीनवर दिसला तर मी आधी कोडमधली चूक शोधेन. पण १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांवर जी शस्त्रक्रिया करत होते, तिच्याबद्दल म्हटलं जायचं की हिच्यात २०० टक्के मृत्युदर शक्य आहे. हिशेब बरोबर होता. टेबलं दोन होती. एकावर जन्मतः हृदयात भोक असलेलं मूल, दुसऱ्यावर बहुतेकदा त्याची धडधाकट आई किंवा बाप.

हृदय उघडून भोक शिवायचं तर तेवढा वेळ रक्त बाहेरून फिरवावं लागतं. भरवशाचं हार्ट-लंग मशीन तेव्हा हाताशी नव्हतं. म्हणून मुलाचं अशुद्ध रक्त नळीतून बापाच्या मांडीतल्या शिरेत सोडायचं, त्याच्या फुप्फुसांत ते शुद्ध होणार, आणि त्याच्या धमनीतलं रक्त पंपाने मुलाकडे यायचं. मशीन म्हणजे बापच. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या, त्यातली २८ मुलं वाचून घरी गेली. पहिलं, १३ महिन्यांचं बाळ ११ दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. रक्त फिरवून देणाऱ्यांपैकी कुणी दगावलं नाही, पण एका आईच्या रक्तात हवा शिरली आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली.

आपण पटकन म्हणतो, आईबापांनी सही केली होती ना? मला ती सही पुरेशी वाटत नाही. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या बापापुढे कुठलाही कागद ठेवा, तो न वाचता सही करेल. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्या होकाराला परवानगी कसं म्हणायचं? मग 'नाही' म्हणायचं काम डॉक्टरकडे येतं, त्याला कागदामागे लपता येत नाही. लिलेहाय यांनी 'हो' म्हटलं आणि मला ते पटतं, कारण त्या मुलांसमोर दुसरा रस्ता जवळपास नव्हताच. मात्र त्या आईच्या घरच्यांसमोर हे बोलायची माझी छाती नाही.

एक केस वेगळी आहे. अंग निळं पाडणारा 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' झालेल्या एका मुलाचा रक्तगट दुर्मीळ होता. तयार झाला तो एक परका माणूस, रस्त्याच्या कामावरचा कामगार. त्याने नकार दिला असता तर कुणी बोल लावला नसता. दोघंही वाचले. खरी परवानगी म्हणावी तर हीच. पण त्याच्याही घरी तीन मुलं होती, आणि सही त्यांच्या बापाची होती.