वसंत उशिरा आला तर?



आजच्या चिंतनाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक घेतलाय. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात, टिकत नाहीत, म्हणून ती सोस, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. या सोसण्यालाच तितिक्षा म्हणतात. श्लोक वाचायला सोपा आहे, पण प्रश्न पडतो की सोसायचं म्हणजे नेमकं करायचं काय? हातावर हात ठेवून बसायचं? दात-ओठ खात दिवस ढकलायचे? आणि ज्याच्याकडे सोसायचं बळच उरलेलं नाही, त्यालाही हा श्लोक ऐकवायचा का?

या प्रश्नासाठी आज जरा लांब जाऊया, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यातल्या जंगलात. तिथे काळी अस्वलं राहतात. आपल्या मेळघाटातलं अस्वल वर्षभर हिंडतं-फिरतं असतं. ही मात्र हिवाळ्याचे पाच-सहा महिने शीतनिद्रेत काढतात. एखाद्या गुहेत, नाहीतर पडलेल्या झाडाखालच्या खळग्यात अंगाचं मुटकुळं करून पडून राहायचं. खाणं नाही, पिणं नाही, मलमूत्रही नाही. आदल्या उन्हाळ्यात आणि शरदात खाऊन साठवलेली चरबी, तेवढ्यावर सगळं. मादीला ऐन जानेवारीत तिथेच पिल्लं होतात. जन्मताना ती अर्धा किलोचीही नसतात. स्वतः काही न खाता आई त्यांना दूध पाजते, आणि साधारण एप्रिलमध्ये त्यांना घेऊन बाहेर येते.

आता समजा, एप्रिल उजाडला पण वसंत आलाच नाही. २०१३ साली तिथे असंच झालं. डुलुथ शहरात एकट्या एप्रिलमध्ये ५०.८ इंच, म्हणजे जवळजवळ १२९ सेंटिमीटर बर्फ पडला. तिथल्या नोंदींमध्ये त्याआधी कुठल्याच महिन्यात इतका बर्फ पडलेला नव्हता. उत्तरेकडची कितीतरी तळी मे महिना लागला तरी गोठलेलीच होती. बाहेर आलेल्या अस्वलाचं पहिलं अन्न म्हणजे कोवळं गवत, पाणथळीतली हिरवळ, झाडांचे तुरे आणि लुसलुशीत पालवी. ते सगळं बर्फाखाली. तसं पाहिलं तर चांगल्या वर्षीही उन्हाळ्यात बोरांसारखी रानफळं पिकेपर्यंत अस्वलाचं वजन घटतच असतं. वसंत लांबला की हे उपासाचे दिवस आणखी लांबतात.

मग ती काय करतात? धावपळ करत नाहीत. अलास्कातल्या काळ्या अस्वलांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. शीतनिद्रेत त्यांच्या शरीराचा ऊर्जेचा खर्च नेहमीच्या चौथाईवर येतो, हे त्यात दिसलं. त्याहून नवल पुढेच आहे. बाहेर आल्यावर अंगाची ऊब नेहमीसारखी होते, पण खर्च मात्र अजून निम्म्यावरच असतो. तो पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे अस्वल चालू लागतं, पण त्याचं शरीर अजून काटकसरीतच असतं. भूकही हळूहळू जागी होते.

पिल्लं असतील तर आई फार लांब जात नाही. एखाद्या मोठ्या पाइन वृक्षापाशी मुक्काम करते, धोका वाटला की पिल्लं सरसर वर चढतात. जिथे उन्हाने बर्फ आधी वितळला असेल तिथे जाऊन मिळेल ते खायचं. मागच्या वर्षीची उरलीसुरली ओकची फळं सापडली तर तीही.

मला तितिक्षेचा अर्थ इथे थोडा उलगडतो. बर्फ नाहीच असं मानायचं नाही, आणि बर्फाशी भांडायचंही नाही. खर्च कमी करायचा, आपलं माणूस जपायचं आणि आज जेवढं शक्य आहे तेवढं करायचं. हातावर हात ठेवून बसणं हे नक्कीच नव्हे.

याच दिवसांत एक मोहही असतो. लोक अंगणात पाखरांसाठी दाणे टांगतात, कचऱ्याचे डबे उघडे राहतात. भुकेलं अस्वल तिकडे वळतं. एकदा चटक लागली की त्याची माणसाची भीती मोडते आणि शेवटी बऱ्याचदा त्याचाच जीव जातो. म्हणून वसंतात हे दाणे काढून ठेवा, असं तिथे लोकांना सांगतात. आपल्याही थांबण्याच्या काळात असे दाणे लटकत असतात. पाच मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप आठवा.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धवट राहील. अस्वल काही साधू नाही. त्याचं शरीरच तसं आहे, त्याने धीर ‘निवडलेला’ नाही. शिवाय सगळीच अस्वलं तरून जात नाहीत. आदल्या वर्षी रानफळं पिकली नसतील तर आई आधीच रोड असते, आणि मग पिल्लं दगावू शकतात. बर्फ दोघींच्या वाट्याला सारखाच असतो. एक तरते, दुसरीची पिल्लं जातात. यात कुणाची तितिक्षा कमी पडली? कमी पडला तो साठा.

हे आपल्याकडे आणून बघा. दोन मित्र, दोघांनाही पदवी घेऊन आठ महिने झाले, नोकरी नाही. एक आईवडिलांच्या घरी राहतो, दोन वेळचं ताट समोर येतं. दुसरा पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, मेसचं बिल थकलंय, आणि गावाकडे घरी सांगतो की सगळं ठीक आहे. दोघांनाही आपण सांगतो, “धीर धर रे, देव बघतोय.” पहिल्याला ते उपयोगी पडेलही. दुसऱ्याला धीर पुरत नाही, कारण त्याची चरबीच संपलीय.

भगवंतांनी ‘सोस’ म्हटलं ते कुठून म्हटलं, तेही पाहिलं पाहिजे. लांबून निरोप धाडला नव्हता. ते अर्जुनाच्याच रथावर होते, घोड्यांचे लगाम हातात घेऊन. दुसऱ्याला तितिक्षा सांगायचा अधिकार त्याच्या रथावर चढल्याशिवाय मिळत नाही, असं मला वाटतं. तोवर हा श्लोक स्वतःपुरता ठेवावा, आणि दुसऱ्यासाठी डबा न्यावा.

आजचा संकल्प दोन भागांत करूया. स्वतः कशाची वाट बघत असाल तर मनाचा एक फुकटचा खर्च कमी करा. उदाहरणार्थ, रात्री झोपताना लिंक्डइनवर दुसऱ्यांचे पगार आणि पदं मोजत बसणं. आणि ओळखीतलं कुणी वाट बघत असेल तर आज त्याला फोन करा. सल्ला नको. “महिनाअखेरपर्यंत पुरेल ना रे?” एवढंच विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर फोन ठेवू नका.

राम कृष्ण हरी. उद्या पंधराव्या श्लोकावर भेटू.