आशा आणि अवलोकन

न्यायाधीशानें स्वतःच्या खटल्यांत न्यायासनावर बसूं नये, हा नियम सर्वमान्य आहे. संशोधकास मात्र तेंच करावें लागतें. ज्या कल्पनेवर त्याची कीर्ति व उपजीविका अवलंबून, तिच्या खरेखोटेपणाचा पहिला निवाडा त्याचाच.

क्वांटम संगणकांतील माहिती फार नाजूक असते. बाहेरचा किंचित् उपद्रवहि तिला पुरतो. 1997 सालीं अलेक्सेई किताएव यांनीं तोड सुचविली, कीं माहिती एका ठिकाणीं न ठेवतां सबंध रचनेच्या गुंफणींत ठेवावी. वेणीचा एखादा केस हलला म्हणून वेणी सुटत नाहीं. त्यासाठीं हवी होती मायोराना यांनीं 1937 त कल्पिलेल्या, आपणच आपला प्रतिकण असणाऱ्या कणासारखी एक अवस्था. तिचीं चिन्हें एका अतिसूक्ष्म तारेंत दिसल्याचें हॉलंडांतील डेल्फ्ट येथील संशोधकांनीं 2012 त जाहीर केलें. त्यांत व्हिन्सेंट मौरिक व सर्गेई फ्रोलोव्ह होते. 2018 त तेथूनच ‘नेचर’मध्यें निर्णायक म्हणविणारें मापन प्रसिद्ध झालें. तोंवर अन्यत्र गेलेल्या या दोघांनीं मूळ नोंदी मागविल्या. सिद्धान्ताशीं न जुळणारे आंकडे आलेखांतून गळले होते! मार्च 2021 त लेख मागें घेण्यांत आला. चार बाहेरच्या तज्ज्ञांस बनावटीचा पुरावा आढळला नाहीं. उत्साहाच्या भरांत सोयीचें तेवढें निवडलें गेलें, असा त्यांचा कौल पडला.

नैतिक पेंच येथेंच आहे. निवडल्यावांचून प्रयोगशाळेचें काम चालत नाहीं. बिघडलेल्या तारेचे आंकडे कोण छापील? धान्य निवडतांना खडे काढावेच लागतात. परंतु खडा कोणता हें भुकेल्यानेंच ठरवावयाचें असेल, तर काढलेले खडे निदान सुपाच्या कडेस राहूं द्यावे, सासूबाईंस पाहतां येतील असे. आमच्या मतें संशोधकाचा धर्म निःपक्षपाती होण्यांत नाहीं, तें मनुष्यास साधत नाहीं. टाकलेलें दाखविण्यांत आहे.

मौरिक व फ्रोलोव्ह यांनीं आपल्याच क्षेत्राचा घात केला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. त्यांचें स्वतःचें नांव याच आशेवर उभें होतें. 2012 च्या चिन्हांस दुसरींहि कारणें संभवतात, हेंहि पुढें दिसून आलें. तरी त्यांनीं नोंदी मागितल्या.

2025 त मायक्रोसॉफ्टनें याच तत्त्वावरील चिप तयार झाल्याची घोषणा केली. सोबतच्या ‘नेचर’मधील लेखाच्या परीक्षण-नोंदींत मात्र संपादकांनीं स्पष्ट लिहून ठेवलें आहे, कीं या मापनांवरून त्या अवस्थांचें अस्तित्व सिद्ध होत नाहीं.